मस्टर, पोर्टल आणि कामगार



या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, संगीत अशा विषयांवर अधिकारी माणसे बोलतात. त्यांच्या पंक्तीला कामगार चळवळीतल्या माणसाने बसावे, आणि तेही पगाराची चिठ्ठी आणि रजेचा अर्ज यांवर बोलण्यासाठी, हे कित्येकांना विचित्र वाटेल. आमचे शिक्षण थोडे रात्रशाळेत आणि पुष्कळसे कारखान्याच्या फाटकावर झाले. परंतु वसंत व्याख्यानमालेची परंपरा १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली, आणि रानडे स्वतः अर्थशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. तेव्हा चार पैशांच्या हिशेबाचा विषय या मांडवाला परका नाही, असे समजून आम्ही बोलतो.

विषय असा. मोठ्या कंपन्यांत आज नोकरदाराची हजेरी, रजा, पगार, विमा, प्राप्तिकराची कागदपत्रे, वर्षाचे शेरे, इतकेच काय पण राजीनामासुद्धा, हे सारे एका संकेतस्थळावर किंवा मोबाइलमधल्या अ‍ॅपवर चालते. त्याला ‘एम्प्लॉयी पोर्टल’ किंवा नुसते ‘पोर्टल’ म्हणतात. नोकरदार आपला पासवर्ड घालून आत शिरतो, स्वतः अर्ज भरतो आणि स्वतःच आपली पगाराची चिठ्ठी काढून घेतो. या पद्धतीला नाव आहे ‘सेल्फ सर्व्हिस’. आपली सेवा आपणच करायची. हे फक्त संगणकाच्या कंपन्यांत आहे असे कोणी समजू नये. मोटारींच्या कारखान्यांत ते आहे, बँकांत आहे, रेल्वेच्या नोकरांसाठी आहे. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांचे वेतन ‘सेवार्थ’मधून आणि शाळांतल्या शिक्षकांचे ‘शालार्थ’मधून निघते. इथे बसलेल्यांपैकी ज्यांची मुले-सुना पुण्याला, चाकणला, नाशिकला नोकरीस आहेत, त्यांच्या घरची चूल या पोर्टलमधल्या आकड्यांवर पेटते. म्हणून हा विषय घरोघरचा आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. पोर्टल वाईट आहे, ते मोडून टाका, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न नोंदवहीच्या मालकीचा आहे. वही कागदाची असो की संगणकातली, तिच्यात कामगाराच्या घामाची नोंद असते. ती नोंद पाहण्याचा हक्क कामगाराला हवा. तिची प्रत आपल्याजवळ बाळगण्याचा हक्क हवा. आणि ती चुकली, तर एखाद्या जबाबदार माणसासमोर बसून ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क हवा. यांपैकी पहिला हक्क पोर्टलने चांगला दिला, दुसरा अर्धामुर्धा दिला, आणि तिसरा मात्र पुष्कळ ठिकाणी काढून घेतला आहे.

ही वही कामगाराला फुकट मिळालेली नाही, म्हणून थोडे मागे जाऊ. मुंबईच्या गिरण्यांत आरंभीच्या काळी माणसांची भरती जॉबर करीत असे. कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला घरी बसवायचे, हे त्याच्या तोंडच्या शब्दावर ठरे, आणि तो शब्द अनुकूल व्हावा म्हणून दस्तुरी मोजावी लागे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यात आठवड्याची सुटी होतीच. पण पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, अशीही एक साधी मागणी होती. पगाराला तारीख असावी, एवढ्यासाठीसुद्धा अर्ज करावा लागत होता! रविवारची सुटी १८९० साली मिळाली. पगाराच्या तारखेला कायद्याचे बळ मिळण्यास १९३६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या वेतन अदायगी कायद्याने पगाराची मुदत ठरवली, आणि मालकाने किती दंड कापावा यालाही मर्यादा घातली.

त्यापुढचे दोन कायदे आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने असे बंधन घातले की, कारखान्याचे नियम फाटकाजवळच्या फलकावर इंग्रजीत, आणि शिवाय बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावावेत. नियम नुसता असून भागत नाही, तो वाचता आला पाहिजे, हे तत्त्व त्या फलकाने मान्य केले. दुसरा १९४८ चा फॅक्टरी कायदा. त्याच्याखाली अनेक राज्यांनी जे नियम केले, त्यांत ‘रजेचे पुस्तक’ नावाची एक लहानशी वस्तू होती. कामगाराची किती रजा जमली, किती घेतली, किती उरली, हे त्या पुस्तकात लिहिले जाई. आणि नियमात स्पष्ट शब्दांत म्हटले होते की, हे पुस्तक कामगाराच्या मालकीचे आहे. व्यवस्थापकाने ते नोंद करण्यापुरतेच मागावे आणि एका आठवड्याहून अधिक काळ आपल्याकडे ठेवू नये.

श्रोतेहो, या एका वाक्यात केवढे शहाणपण आहे पाहा! नोंद करणार मालक, पण पुस्तक कामगाराचे. कायदा करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. ज्याच्या हातात वही त्याच्या हातात न्याय, हे त्यांनी ओळखले होते.

आता कोणी म्हणेल, जुने दिवस फार चांगले होते असे तुम्हांला सुचवायचे आहे काय? मुळीच नाही. कारखान्याचे टाइम ऑफिस आम्ही पुष्कळ वर्षे पाहिले आहे. जाळीची खिडकी, तिच्यामागे टाइमकीपर, त्याच्यासमोर मस्टर. रात्रपाळी करून आलेला माणूस रजेच्या चौकशीला खिडकीशी उभा राही आणि ‘साहेब जागेवर नाहीत’ हे उत्तर घेऊन घरी जाई. मर्जीतल्या माणसाचा लेटमार्क पुसला जाई आणि तोंडाळ माणसाचा ठळक होई. फंडाचा हिशेब वर्षातून एकदा एका चिटोऱ्यावर मिळाला तर मिळे. पण त्या खिडकीचा एक गुण होता. खिडकीमागे माणूस होता. त्याला नाव होते. त्याच्याशी भांडता येई. युनियनचा प्रतिनिधी बरोबर नेला, तर तो मस्टर उघडून दाखवी, आणि चूक असेल तर तिथल्या तिथे तांबड्या शाईने दुरुस्त करून सही करी.

ही खिडकी बंद होऊन पोर्टल कसे आले? जर्मनीत १९७२ साली आय.बी.एम. सोडून आलेल्या पाच अभियंत्यांनी ‘सॅप’ ही कंपनी काढली. मोठ्या कारखान्याचा सगळा हिशेब एका संगणकाच्या व्यवस्थेत बसवणे हा तिचा धंदा. अमेरिकेत १९८७ साली ‘पीपलसॉफ्ट’ निघाली. तिचे नाव नोकरदारांच्या नोंदी ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमुळे झाले. २००५ साली ती ‘ओरॅकल’ने विकत घेतली, आणि तिच्या संस्थापकांपैकी एकाने त्याच वर्षी ‘वर्कडे’ सुरू केली. आपल्याकडे हैदराबादेत २०१५ साली ‘डार्विनबॉक्स’ निघाली. सुरुवातीला ही व्यवस्था फक्त कचेरीतले कारकून वापरीत. पुढे इंटरनेट आले, मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, आणि कंपन्यांच्या लक्षात आले की, कारकुनाने जी माहिती भरायची ती कामगाराकडूनच भरून घेतली तर कारकून कशाला हवा?

लग्नकार्यातल्या जेवणावरून हे चटकन समजेल. पूर्वी पंगत असे. वाढपी वाढीत, आग्रह करीत, एखाद्याच्या पानात भात संपला तर त्यांचे लक्ष असे. आता बुफे असतो. आपले ताट आपण घ्यायचे, आपल्या हाताने वाढून घ्यायचे. पाहुण्याला वाटते, आपल्याला स्वातंत्र्य मिळाले. आणि काही प्रमाणात ते खरेही आहे. पण वाढप्यांची मजुरी वाचली ती यजमानाची, आणि टेबलावर कोणते पदार्थ मांडायचे हे अजूनही यजमानच ठरवतो. एखाद्याला पथ्याचे काही हवे असेल, तर सांगायचे कोणाला? वाढपीच नाही! पोर्टलचे अगदी असेच आहे.

बुफेत जे चांगले आहे ते आधी मान्य करू. पहिली गोष्ट म्हणजे डोळ्यांसमोरचा अंधार गेला. आपली हजेरी किती लागली, ओव्हरटाइम किती धरला, कपात कशाकशाची झाली, हे कामगाराला मध्यरात्रीसुद्धा पाहता येते. त्यासाठी कोणाचे पाय धरावे लागत नाहीत. दुसरी गोष्ट, बायकांना याचा मोठा आधार झाला. पोटात दुखते म्हणून रजा हवी, हे पुरुष सुपरवायझरला तोंडाने सांगण्यापेक्षा अ‍ॅपवर अर्ज टाकणे कितीतरी सोपे. तिसरी गोष्ट फंडाची. हे पोर्टल कंपनीचे नव्हे, भविष्य निर्वाह निधी संघटनेचे आहे. पण तत्त्व तेच. ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रत्येक सभासदाला एक कायमचा क्रमांक, म्हणजे यू.ए.एन., देण्याची पद्धत आली. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच, आणि पासबुक मोबाइलवर पाहता येते. पगारातून फंड कापायचा आणि भरायचा नाही, ही काही मालकांची जुनी खोड. ती पूर्वी वर्षानुवर्षे झाकून राही. आज जागरूक कामगार एक-दोन महिन्यांत ती पकडू शकतो. हे आम्ही स्वतः पाहिले आहे, आणि त्याबद्दल या यंत्राचे ऋण मानले पाहिजे.

आता दुसरी बाजू. आमच्या युनियनकडे आलेली तीन प्रकरणे सांगतो. माणसांची आणि कंपन्यांची नावे घेत नाही. त्यांची गरजही नाही.

पहिले प्रकरण एका फिटरचे. गावी वडील आजारी पडले म्हणून त्याने पोर्टलवर सहा दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला आणि तो एस.टी.त बसला. त्याचा साहेब त्याच आठवड्यात दुसऱ्या खात्यात बदलून गेला होता. अर्ज जुन्या साहेबाच्या नावावर पडून राहिला. महिनाअखेर हिशेब बंद झाला, अर्ज आपोआप रद्द झाला, आणि सहा दिवस विनापरवाना गैरहजेरी म्हणून लागले. पगार कापला गेला, हजेरीभत्ताही गेला. त्याने तक्रार केली, तेव्हा तक्रारीला एक ‘तिकीट’ मिळाले. पूर्वी कारखान्यात कामगाराला टिकिट नंबर असे. आता त्याच्या तक्रारीला असतो! काही दिवसांनी निरोप आला की, आपले तिकीट बंद करण्यात आले आहे. पैसे मात्र मिळाले नव्हते. ते मिळवायला आम्हांला तीन महिने लागले. कारण तिकीट बंद करणारा कोण आणि तो कोणत्या शहरात बसतो, हे फॅक्टरी मॅनेजरलाही सांगता येईना.

दुसरे प्रकरण पॅकिंग खात्यातल्या एका बाईचे. घरात मोबाइल एक, तो मुलाजवळ, आणि मुलगा शिकायला परगावी. तिने रजेचा अर्ज करायचा म्हटले की ओ.टी.पी. मुलाच्या मोबाइलवर जाई. मुलगा वर्गात असला की आईची रजा अडे. पोर्टल सारे इंग्रजीत. शेवटी ती लाइनमधल्या एका पोराला आपला पासवर्ड सांगून अर्ज भरून घेऊ लागली. म्हणजे तिची पगाराची चिठ्ठी, बँकेचा खातेक्रमांक, सगळे त्या पोराच्या हातात. पोरगा भला होता म्हणून निभावले. १९४६ साली फाटकावरच्या फलकाला जी भाषा कळत होती, ती आजच्या पोर्टलला कळू नये, याला प्रगती कसे म्हणायचे?

तिसरे प्रकरण सर्वांत गंभीर. एका कामगाराला कामावरून कमी केले. संध्याकाळी घरी येऊन त्याने मोबाइल उघडला तर पोर्टलचे दार बंद. त्याची अकरा वर्षांची हजेरी, पगाराच्या चिठ्ठ्या, प्रशस्तिपत्रे, मंजूर झालेल्या रजा, सारे आत, तो बाहेर. ज्या दिवशी कागदांची खरी गरज पडली, त्याच दिवशी कागद गेले. आणि कायदा काय सांगतो? नोकरकपातीच्या दाव्यात वर्षात २४० दिवस काम केले, हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. भार कामगारावर आणि कुलूप मालकाचे! रजेचे पुस्तक कामगाराच्या मालकीचे असावे, असे म्हणणारे लोक किती दूरचे पाहत होते, हे त्या संध्याकाळी आम्हांला नव्याने कळले.

या तिन्ही प्रकरणांत कोणी दुष्टपणा केला असे नाही. फिटरचा साहेब सज्जन होता. बाईवर कोणाचा राग नव्हता. कुलूप लावण्याचा नियम तर सुरक्षिततेसाठी केलेला. दोष आहे तो माणूस मधून काढून टाकण्याच्या पद्धतीचा. कारकून गेला की त्याचे काम कामगाराच्या अंगावर पडते, हे एक वेळ चालेल. पण कारकुनाबरोबर जबाबदारीही निघून जाते. साहेब म्हणतो, ‘सिस्टिम घेत नाही.’ सिस्टिम कोणी बांधली? नियम कोणी भरले? याचे उत्तर देणारा कोणी सापडत नाही.

आकड्याचेच एक उदाहरण घ्या. फॅक्टरी कायद्याप्रमाणे पगारी रजेचा हक्क वर्षात २४० दिवस काम केल्यावर मिळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या, आणि त्यांत ही अट १८० दिवसांवर आली. दर २० दिवसांना एक दिवस, हे प्रमाण पूर्वीचेच राहिले. आता २४० हा आकडा पोर्टलच्या पोटात कोणीतरी लिहून ठेवलेला असतो. तो १८० केला की नाही, हे कामगाराला पडद्यावर दिसत नाही. त्याला एवढेच दिसते की, रजा शिल्लक शून्य. मस्टर चुकले तर एका माणसाचे चुकते. पोर्टलच्या पोटातला नियम चुकला तर सबंध कारखान्याचे एकदम चुकते.

हा आमच्याकडच्या अडाणीपणाचा परिणाम आहे, प्रगत देशांत असे घडत नसेल, असे कोणी म्हणेल. म्हणून कॅनडाचा दाखला देतो. तो तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांच्या अहवालांत नमूद आहे. कॅनडाच्या केंद्र सरकारने आपल्या सुमारे २,९०,००० नोकरांचा पगार ‘फिनिक्स’ नावाच्या एकाच संगणक-व्यवस्थेतून काढण्याचे ठरवले. तिचा पाया पीपलसॉफ्टचे सॉफ्टवेअर हाच होता. वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील असा अंदाज होता. ही बचत दिसावी म्हणून खात्याखात्यांतून पगाराचे काम पाहणाऱ्या सुमारे १,२०० जागा आधीच रद्द केल्या, आणि मिरामिशी नावाच्या एका लहान गावी सुमारे ५५० माणसांचे एक केंद्र उघडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये फिनिक्स सुरू झाले, आणि हाहाकार उडाला. कोणाला पगार कमी, कोणाला जास्त, कोणाला मुळीच नाही. लेखापरीक्षकांनी तपासले, तेव्हा २०१७ च्या जूनमध्ये दीड लाखाहून अधिक लोकांच्या पगाराच्या तक्रारी तुंबल्या होत्या. २०१८ च्या अहवालात त्यांनी कारणे दिली. वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी व्यवस्थेतली काही आवश्यक कामे वगळली होती, आणि एका खात्यात आधी चाचणी घेण्याचा बेतही रद्द केला होता.

यातून आम्ही काय घ्यायचे? संगणक चुकला, हे या गोष्टीचे तात्पर्य नव्हे. ज्या १,२०० जागांवरच्या लोकांना आपापल्या खात्यातल्या नोकरांचे पगार, पाळ्या, बढत्या तोंडपाठ होत्या, ते ज्ञान संगणकात उतरण्यापूर्वीच घालवून टाकले, हे तात्पर्य. चूक शोधणारी माणसे आधी काढली, मग चुका झाल्या, आणि दुरुस्त करायला कोणी उरले नाही. तिथल्या कर्मचारी संघटना रस्त्यावर आल्या. ‘पब्लिक सर्व्हिस अलायन्स ऑफ कॅनडा’ या संघटनेने २०२० साली करार करून सभासदांना २,५०० डॉलरपर्यंत नुकसानभरपाई मिळवून दिली. एकेकट्याच्या तिकिटाने जे झाले नाही, ते संघटनेने झाले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता उपायांविषयी. आजच्या वेतन संहितेप्रमाणे मालकाने नोंदवह्या संगणकावर ठेवल्या तरी चालतात, पण कामगाराला वेतनचिठ्ठी देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. नोकरी सुटली किंवा काढून टाकले, तर राहिलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे, असेही तीत आहे. म्हणजे कायद्याचा आधार आहे. तो वापरला पाहिजे.

व्यवस्थापनाशी करार करताना आम्ही आता पगारवाढीबरोबर काही कलमे आग्रहाने मांडतो. पोर्टल मराठीत, किंवा तिथल्या बहुसंख्य कामगारांच्या भाषेत असावे. प्रत्येक कारखान्यात ठरलेल्या वेळी बसणारा एक माणूस असावा, ज्याला नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार असेल. कामगाराने मान्य केल्याशिवाय त्याची तक्रार बंद होऊ नये. साहेबाने मुदतीत उत्तर दिले नाही, तर अर्ज रद्द न होता वरच्या साहेबाकडे जावा. पोर्टलमध्ये भरलेले रजेचे आणि पगाराचे नियम युनियनला लेखी दाखवावेत. आणि नोकरी कोणत्याही कारणाने संपली, तरी कामगाराला त्याच्या सर्व नोंदींची प्रत हातात मिळाल्यावाचून दार बंद होऊ नये. यांतले एकही कलम मालकाचे दिवाळे काढणारे नाही. काही ठिकाणी ही मागणी मान्य झाली, काही ठिकाणी झगडा चालू आहे.

पण युनियन सगळीकडे नाही, हे आम्ही जाणतो. संगणकाच्या कंपन्यांतल्या मुलामुलींना तर युनियन हा शब्दच परका वाटतो. त्यांच्या आईवडिलांना आम्ही चार गोष्टी सांगतो. मुलगा सुटीला घरी आला की विचारा, ‘पगाराची चिठ्ठी दर महिन्याला काढून स्वतःजवळ ठेवतोस ना? कंपनीच्या संगणकात नव्हे, स्वतःच्या.’ नेमणुकीचे पत्र, पगारवाढीचे पत्र, रजेची शिल्लक, यांची प्रत घरच्या कपाटात असू द्या. फंडाचे पासबुक दर तिमाहीस पाहा, आणि आधार कार्डावरचे नाव, जन्मतारीख फंडाच्या नोंदीशी अक्षरशः जुळते का ते नोकरीत असतानाच तपासा. कारण एका वेलांटीच्या फरकाने दावा अडतो. ‘मान्य आहे’ या चौकटीवर बोट ठेवण्यापूर्वी वर काय लिहिले आहे ते वाचा. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, हे आपल्या आजोबांनी महाग किंमत देऊन शिकलेले शहाणपण आहे. पडदा काचेचा झाला म्हणून अंगठ्याची किंमत कमी होत नाही.

आणि मुलाने कधी काळजीच्या सुरात सांगितले की, पोर्टलवर राजीनामा टाकायला सांगत आहेत, तर त्याला म्हणा, ‘बोट आवर, आधी घरी ये, कोणा जाणत्याला विचार.’ कारण पोर्टलच्या दृष्टीने तो राजीनामा त्याने स्वतःहून दिलेला असतो. सेल्फ सर्व्हिसमधला हा ‘सेल्फ’ फार अवघड ठिकाणी येऊन बसतो.

बंधुभगिनींनो, लोखंड्यांच्या काळी कामगाराने मागितले ते पगाराला तारीख असावी म्हणून. त्यानंतरच्या पिढीने मागितले ते नोंद लेखी असावी म्हणून. आजच्या पिढीने मागायचे ते एवढेच की, ती नोंद आमच्या भाषेत असावी, तिची प्रत आमच्या हातात असावी, आणि तिच्याविषयी उत्तर द्यायला समोर एक माणूस असावा. यंत्र कितीही शहाणे झाले तरी अन्यायाची तक्रार ऐकायला माणूसच लागतो, कारण लाज माणसालाच वाटते.

 वेळ संपत आल्याची खूण चिटणीस केव्हापासून करीत आहेत. तेव्हा कोठेही अर्ज न भरता, समोरासमोर, आपली रजा घेतो.